अखंड पट आणि त्यावरच्या रेघा

भंडारा शहरातून रायपूरकडे जाणारा हमरस्ता वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र ओलांडून पूर्वेच्या ज्या काठावर उतरतो, तेथे कारधा हे गाव आहे. आणि पावसाळ्यात, वर शिवनी-बालाघाटाकडे मुसळधार सुरू झाली म्हणजे, या गावाचे नाव साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी येते, कारण नदी किती चढली हे लोकांना कळवण्यासाठी कचेरीतून जो आकडा जाहीर होतो, तो कारध्याच्या पुलाजवळचा असतो. समुद्रसपाटीपासून २४५ मीटर ही इशाऱ्याची पातळी आणि २४५.५० मीटर ही धोक्याची, असा येथील दाखला आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने ही दुसरी पातळी केव्हाच मागे टाकली आणि भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

परंतु नदीला हे आकडे ठाऊक नसतात. २४५.४९ वरचे पाणी आणि २४५.५१ वरचे पाणी यांत बोटभर अंतर असते. त्या बोटभर अंतरात पाण्याचा रंग, वेग वा स्वभाव यांपैकी काहीही पालटत नाही, मात्र तहसीलच्या दप्तरात एक शब्द पालटतो आणि त्या शब्दासरशी दवंडी, नावाडी, शाळेच्या खोल्या, शिधा असा सगळा सरंजाम हालू लागतो. पाण्याचे चढणे अखंड आणि माणसाचे निर्णय मात्र तुकड्यातुकड्यांचे, अशी ही स्थिती आहे. अशा अखंड चढणीला, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मध्ये कोठेही पायरी न लागता सरकत जाणाऱ्या भेदाला, आजच्या शास्त्रीय मराठीत ‘वर्णपट’, ‘सातत्य’, ‘अखंड पट’ अशी निरनिराळी नावे आहेत, आणि या प्रकरणात त्या कल्पनेचा विचार करावयाचा आहे. ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनेच्या दोन संस्कृत प्रत्ययांपासून सिद्ध झालेला ‘तरतमभाव’ हा जुना शब्दही याच कुळातला. फरक इतकाच की, तर आणि तम यांत चढत्या पायऱ्यांचा भास आहे, आणि आपल्याला हवी आहे ती पायऱ्यांवाचूनची चढण.

या कल्पनेला शास्त्रात जे मानाचे स्थान मिळाले, ते प्रकाशामुळे. न्यूटनने १६६६ च्या सुमारास खोली अंधारी करून, खिडकीच्या छिद्रातून आलेला सूर्याचा कवडसा त्रिकोणी लोलकातून भिंतीवर पाडला, तेव्हा तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचा जो लांबट पट्टा उमटला, त्याचे वर्णन त्याने १६७२ साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्या पट्ट्यात रंग किती, या प्रश्नाचे त्याचे उत्तर मात्र स्थिर नव्हते. आरंभी त्याने पाच रंग सांगितले. पुढे नारिंगी आणि पारवा हे दोन घालून सात केले, आणि त्यामागचे कारण भिंतीवर नसून संगीतात होते : सप्तकात सूर सात, तेव्हा प्रकाशातही रंग सात असावेत, असा तो सादृश्याचा मोह होता. आपल्याकडच्या शाळांत ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाठ करवून घेतात ते हेच सात. एवढ्या मोठ्या माणसालाही अखंड पट डोळ्यांसमोर असताना तो तसाच ठेवून स्वस्थ बसवले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण पट दिसताच त्याचे तुकडे मोजू लागणे ही मनुष्याच्या बुद्धीची स्वाभाविक प्रवृत्ती आहे आणि तिच्यावाचून भाषा चालणारच नाही.

गंमत अशी की, ज्या संगीताचा आधार न्यूटनने घेतला, त्याच्या आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार अधिक सूक्ष्म झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने सप्तकात बावीस श्रुती मानल्या. म्हणजे सातांच्या मधल्या जागा रिकाम्या नाहीत, हे त्याने नोंदवून ठेवले. आणि गाणारा गळा जेव्हा गंधारावरून पंचमापर्यंत मींड घेत जातो, तेव्हा तो या बावीस जागांवरही पाय देत नाही. मधल्या प्रत्येक ध्वनीतून, एकही न वगळता, तो वाहत जातो. पेटीवर हे साधत नाही, कारण पेटीला पट्ट्या असतात; सारंगीवर साधते. श्रोत्याला मींड ऐकताना गंधार कोठे संपला हे सांगता येत नसले, तरी गंधार आणि पंचम हे दोन स्वर वेगळे आहेत याविषयी त्याला तिळमात्र शंका नसते.

ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात धरली पाहिजे, कारण अखंड पटाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज येथेच होतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटस नगरीच्या यूब्युलिडीसने एक कूट घातले होते, ते आपल्या धानाच्या खळ्यावर मांडता येईल : खळ्यावर रास आहे, एक दाणा उचलला तर ती रासच राहते, आणखी एक उचलला तरी रासच, मग असा एकेक दाणा उचलीत गेल्यावर रास कोणत्या दाण्याला संपली? तो दाणा दाखवता येत नाही, म्हणून काही चतुर लोक असे अनुमान काढतात की, रास आणि मूठभर दाणे यांत वस्तुतः भेदच नाही. हे अनुमान खोटे आहे. सीमा दाखवता न येणे ही एक गोष्ट आणि भेद नसणे ही दुसरी. खळ्यावर उभा असलेला शेतकरी, मापाला हात न लावता, रास आणि मूठ यांतला फरक सांगू शकतो, आणि त्याचे ज्ञान त्या कूटाने यत्किंचितही उणे होत नाही.

गणितज्ञांनी या ‘अखंड’ शब्दाची झडती आणखी कसून घेतली. दोन अपूर्णांकांच्या मध्ये नेहमीच तिसरा अपूर्णांक सापडतो, तेव्हा अपूर्णांकांची ओळ अखंड आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण एक एकक बाजूच्या चौरसाचा कर्ण मोजू गेले की जी लांबी येते, ती त्या ओळीत कोठेच नसते. ओळ दाट होती, अखंड नव्हती. ही भोके बुजवून अखंड रेषा म्हणजे नेमके काय याची व्याख्या डेडेकिंटने १८७२ साली प्रसिद्ध केली, आणि दोन वर्षांनी कँटरने दाखवून दिले की, अखंड रेषेवरील बिंदूंना एक, दोन, तीन असे क्रमांक देऊन ते कधीही पुरे मोजता येणार नाहीत. व्यवहाराच्या दृष्टीने एवढे पुरे.

आता प्रकाश आणि गणित सोडून मी पुन्हा वैनगंगेच्या खोऱ्यात येतो, कारण या कल्पनेचे मला माहीत असलेले सर्वांत समृद्ध उदाहरण येथल्या माणसांच्या जिभेवर आहे.

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ असे आपण म्हणतो. या म्हणीत निरीक्षण खरे असले तरी मांडणी फसवी आहे. तिच्यावरून असे वाटावे की, अकरा कोसांपर्यंत भाषा एकसारखी राहते आणि बाराव्या कोसाच्या दगडाशी एकदम कूस पालटते. वस्तुस्थिती अशी की ती प्रत्येक गावाला किंचित सरकते, आणि बारा कोस हे फक्त ते अंतर, ज्यावर परक्या कानाला सरकणे जाणवू लागते. कारध्याहून पश्चिमेला नागपूर, तेथून वर्धा, अमरावती, अकोला असे जात राहिले, किंवा पूर्वेला लाखनी, साकोली, देवरी करीत छत्तीसगढात राजनांदगावपर्यंत गेले, तरी शेजारच्या दोन गावांतल्या माणसांना एकमेकांचे बोलणे कळले नाही असे कोठेही घडत नाही. तथापि अकोल्याचा शेतकरी आणि राजनांदगावचा शेतकरी समोरासमोर आणून बसवले, तर त्यांना हिंदीचा आधार घ्यावा लागेल.

एक शब्द जवळून पाहू. पुणेरी लिखाणात जो ‘डोळा’, तो वऱ्हाडात ‘डोया’ होतो, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली व पूर्व चंद्रपूर या झाडीच्या मुलखात तोच ‘डोरा’ होतो. तसेच ‘काळा’, ‘काया’ आणि ‘कारा’, आणि पुढे हिंदीत ‘काला’. एकच ध्वनी चार घरी चार वेष घेऊन राहतो. ‘ण’ची कथा निराळी आहे : तो वऱ्हाडापासूनच ‘न’मध्ये विरघळू लागतो, आणि ‘पानी’ हा उच्चार अकोल्यापासून अलाहाबादेपर्यंत एकसलग ऐकू येतो. म्हणजे ‘ळ’च्या बदलाची सीमा एका जागी पडते, ‘ण’च्या बदलाची दुसऱ्या जागी, नपुंसकलिंग जेथे लोपते ती जागा तिसरी, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद जेथे पुसला जाऊन दोहोंसाठी एकच ‘हम’ उरतो, ती चौथी. या साऱ्या सीमा एकमेकींवर नेमक्या बसत असत्या तर मराठी येथे संपली आणि हिंदी येथे लागली असे बोट ठेवून सांगता आले असते. त्या तशा बसत नाहीत. सुटलेल्या सुतांसारख्या त्या दूरवर पसरलेल्या आहेत, आणि त्यांच्यामधल्या रुंद पट्ट्यात लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने बोलत आली आहेत.

या पट्ट्यातली हलबी तर विलक्षणच. तिच्या भूतकाळी क्रियापदात आपला ओळखीचा ‘ला’ आहे, आणि अनेकवचन मात्र ती छत्तीसगढीप्रमाणे ‘मन’ जोडून करते. ग्रिअर्सनने भारताच्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. हलबीचे मिश्र स्वरूप ओळखूनही त्याने तिला त्या मराठीच्या खंडातच जागा दिली. आजची जनगणना तिला स्वतंत्र भाषा म्हणून मोजते, आणि भंडारा-गोंदिया-बालाघाटातली पोवारी, जिच्यात ‘आहे’च्या जागी ‘से’ म्हणतात, तिला हिंदीच्या खात्यात घालते. ग्रिअर्सन चुकला किंवा जनगणनेचे अधिकारी चुकले, असे मला म्हणावयाचे नाही. रकाना एक आणि भाषा दोहोंकडे झुकलेली, अशा वेळी कारकुनाला कोठेतरी टिपण करावेच लागते. माझी तक्रार त्यापुढची आहे : शंभर वर्षे एका रकान्यात राहिलेली बोली, हळूहळू तिच्या बोलणाऱ्यांनाच त्या रकान्याची अशुद्ध नक्कल वाटू लागते, आणि शाळेत ‘डोरा’ म्हणणारे पोर मार खाते. झाडीबोलीला ‘ळ’ आणि ‘ण’ नाहीत ही उणीव नसून तो तिचा नियम आहे, हे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आपल्या दीर्घ अभ्यासाने आणि साहित्य संमेलनांच्या चळवळीने पुन्हा पुन्हा सांगितले, त्याचे मोल याच कारणासाठी मोठे आहे.

राज्यांच्या सरहद्दीही याच पटावर ओढल्या गेल्या. बालाघाट जिल्हा मुळी १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग तोडून बनवला होता, आणि नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात भंडारा व बालाघाट हे शेजारी नांदत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या तत्त्वावर राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात आला आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. काही अंतर बावनथडी नदी ही त्या दोहोंमधली हद्द आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर तेच सोयरेसंबंध, तीच रोवणीची गाणी आणि पुष्कळ अंशी तीच बोली असताना, एका तीरावरची मुले बालभारती वाचू लागली आणि दुसऱ्या तीरावरची हिंदीचे पुस्तक, आणि दोन पिढ्यांत तीरांमधले अंतर खरोखरीच वाढले. रेघ ओढली म्हणजे ती नुसती असलेला भेद दाखवीत नाही, नवा भेद उत्पन्नही करते.

मात्र सगळीकडे अखंड पटच पाहणे हीही एक आंधळी सवय होऊ शकते. याच मुलखात गोंडी बोलणारे लोक आहेत. त्यांच्या बोलण्यात मराठीचे शब्द आहेत आणि झाडीबोलीत त्यांचे शब्द आले आहेत. तरी गोंडी ही द्राविड कुळातली भाषा, तेलुगूची नातलग, आणि तिच्या व मराठीच्या मध्ये सरकत जाणारी पायवाट नाही. तेथे खरी दरी आहे, आणि ती ओलांडणारा गोंड माणूस दोन भाषा जाणतो म्हणून ओलांडतो. अशा ठिकाणी ‘हे सगळे एकाच पटावरचे रंग’ असे म्हणणे दिसायला उदार असले, तरी त्यात गोंडीचे स्वत्व पुसले जाते. प्रकाशाच्या पटातही अशा खऱ्या रेघा सापडल्या : १८१४ साली फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेघा मोजून नोंदल्या, आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेनने गुंटूर येथून सूर्याच्या कडेच्या ज्वालांत तेजस्वी रेघा पाहिल्या. या रेघा प्रकाशाच्या स्वतःच्या होत्या, कोणी ओढलेल्या नव्हत्या, आणि त्यांच्यातूनच हेलियम नावाचे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर ओळखले गेले. पटाचा अभ्यास करणाऱ्याचे खरे कसब हे की, आपण ओढलेली रेघ कोणती आणि निसर्गाने ठेवलेली कोणती, हे त्याला वेगळे करता आले पाहिजे.

ओढलेली रेघ म्हणजे लबाडी, असेही कोणी समजू नये. भंडारा जिल्हा धानाचा. आणि धानाला मुळाशी उभे पाणी लागते. जमिनीचा उतार तर अखंड असतो. तेव्हा येथल्या कुणब्याने त्या उताराचे आडवे तुकडे पाडले, प्रत्येक तुकडा पातळीत आणला, त्याच्या कडेने मातीची पाळ घातली, आणि त्या तुकड्याला ‘बांधी’ म्हटले. तलावाखालच्या उतारावर अशा बांध्या एकीखाली एक उतरत जातात. वरचीचे पाणी भरले की पाळीला केलेल्या वाटेने ते खालचीत सुटते. उतार कोठे तोडावा याविषयी जमिनीने काही सांगितलेले नसते, दोन हात वर किंवा दोन हात खाली पाळ पडली असती तरी चालले असते. पण कोठेतरी ती पडलीच नसती, तर पऱ्हे रोवायला पाणी उभे राहिले नसते. मनुष्याने अखंड पटावर ओढलेल्या सर्व उपयुक्त रेघांचे समर्थन या पाळीत आहे, आणि त्यांची मर्यादाही तिच्यातच आहे, कारण कोणताही कुणबी आपल्या बांधीची पाळ ही देवाने घातली असे मानीत नाही. गरज पडली की तो ती फोडतो आणि सरकवून पुन्हा घालतो.

महसूल खात्याला ही लवचीकता जमत नाही. जुन्या बंदोबस्तात या भागातल्या जमिनींची प्रतवारी कन्हार, मोरंड, खरडी, सिहार, बरडी अशा नावांनी झाली; कन्हार काळी आणि जड, बरडी मुरमाड आणि उथळ, सिहार फिकट, वाळूमिश्रित आणि धानाला मानवणारी. ही नावे शेतकऱ्यांचीच होती, आणि त्यांच्या तोंडी ती ‘थोडी मोरंडाकडे झुकलेली खरडी’ अशी सैल चालत. बंदोबस्ताच्या कागदावर येताच प्रत्येकीला ठरावीक दर लागला आणि मधली झुकलेली जमीन कोणत्या तरी एका घरात बसवावी लागली. पिकाच्या आणेवारीचेही तसेच. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हाची ही पद्धत, १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर पैसेवारी झाली. पीक किती साधले याचा आधी नजरअंदाज, मग सुधारित आकडा, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आलेल्या गावाला जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांना परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींची वाट मोकळी होते, आणि एक्कावन्न पैशांच्या गावाला ती बंद राहते, मग दोन्ही गावांच्या शिवारात पाऊस एकाच दिवशी का उघडलेला असेना. सवलती पैशापैशाने उतरत्या ठेवणे अशक्य नव्हते. आयकराची आकारणी टप्प्यांनी चढते आणि तेथे एक टप्पा ओलांडल्याने सगळ्या उत्पन्नावरचा दर बदलत नाही, फक्त वरच्या भागावरचा बदलतो. जी सोय उत्पन्न असणाऱ्याला दिली, ती पीक बुडालेल्याला का देऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर वाचावयास मिळालेले नाही.

अलीकडच्या काळात या कल्पनेचा सर्वांत परिणामकारक उपयोग झाला तो माणसाच्या मनाच्या बाबतीत. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा फार थोड्या मुलांत आढळणारा, स्पष्ट सीमांचा विकार आहे अशी समजूत दीर्घ काळ होती. इंग्लंडमधील डॉ. लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गोल्ड यांनी लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांची पाहणी करून १९७९ साली दाखवले की, ठरीव व्याख्येत न बसणारी, तरी त्याच प्रकारच्या अडचणी कमीअधिक प्रमाणात सोसणारी मुले पुष्कळ आहेत. विंगबाईंनी त्यासाठी प्रथम सातत्य या अर्थाचा आणि पुढे वर्णपट या अर्थाचा शब्द योजला, आणि २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या पाचव्या नियमपुस्तिकेने निरनिराळी जुनी निदाने मोडून एकच ‘स्वमग्नता वर्णपट’ मान्य केला. हा नुसता शब्दच्छल नव्हता. ज्या आईला ‘तुमचे मूल आमच्या व्याख्येत बसत नाही’ म्हणून परत पाठवीत, तिला त्यामुळे दाराच्या आत घेतले गेले. पण वर्णपट म्हणजे सौम्यापासून तीव्रापर्यंतची एकच सरळ रेषा, असा अर्थ लोकांनी घेतला, तो अपुरा आहे. बोलणे, माणसांत मिसळणे, आवाजाचा व स्पर्शाचा त्रास, एकाच गोष्टीत रमून जाणे, या प्रत्येकाची चढण वेगळी, आणि एका मुलाची जागा एका चढणीवर वर तर दुसरीवर खाली असू शकते. बोलींच्या पटावर ‘ळ’ आणि ‘ण’ यांच्या सीमा वेगळ्या पडतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने स्वमग्नता वर्णपटाला एकवीस दिव्यांगत्वांत स्थान दिले, आणि बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांची रेघ ठेवली. स्वमग्नता मोजण्यासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरतात, तिच्यात चाळीस बाबी आहेत, प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण, आणि सत्तर गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. कारध्यासारख्या गावातून मुलाला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलेल्या पालकांच्या हाती शेवटी येते ते एक प्रमाणपत्र आणि त्यावर एक टक्केवारी. रेघेवाचून लाभ वाटता येणार नाहीत, हे मान्य. पण ज्या चाळीस बाबींवरून ती टक्केवारी निघाली, त्यांचे वेगवेगळे गुण तपासणीच्या तक्त्यात लिहिलेले असतात, आणि शिक्षकाला उपयोग त्यांचाच. मूल नावाने हाक मारली तर पाहते की नाही, वर्गातला गलका त्याला किती सोसवतो, दिनक्रम मोडला तर ते किती बिथरते, हे बाबवार कळले म्हणजे त्याला कोणत्या बाकावर बसवावे आणि सूचना तोंडी द्यावी की चित्राने, हे ठरवता येते; नुसत्या ‘पन्नास टक्के’ या आकड्यावरून यांतले काहीच ठरत नाही. म्हणून प्रमाणपत्र घेताना पालकांनी त्या तक्त्याची प्रतही मागून घ्यावी, आणि शाळेत मुलाचे नाव घालताना ती गुरुजींच्या हाती द्यावी.